सिनेमातला चालू वर्तमानकाळ

१० नोव्हेंबर २०२४, सकाळी ६.१५

काल दुपारी टीव्हीवर एक गाजलेला नवा सिनेमा पाहिला. पावणेतीन तास. शेवटी पाटी आली: दुसरा भाग दोन वर्षांनी. म्हणजे पावणेतीन तास बसवून ठेवलं आणि गोष्ट सांगितलीच नाही. माझ्या वर्गात कुणी अर्धा निबंध लिहून खाली 'उर्वरित पुढील इयत्तेत' असं लिहिलं असतं, तर पालकांना बोलावून घेतलं असतं. इथे लोक शिट्ट्या मारतात.

चुकांच्या वहीत (क्रमांक तीन) ४१ नोंदी. ठळक: सगळ्यांना दाढ्या. सगळे कुजबुजतात. सगळीकडे अंधार. एवढा मोठा सिनेमा, एक बल्ब लावता येत नाही. आई मरते तेव्हा मुलगा इंग्रजीत शिवी देतो.

हे म्हणाले, चुकाच काढत बसलीस, सिनेमा कधी बघितलास? यांना तेलुगूतून डब केलेली मारामारी आवडते. ओठ एक सांगतात, आवाज दुसरंच. एकतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस. असो.

निष्कर्ष: सिनेमा बिघडला तो भाषेमुळे. तंत्र सुधारलं, तोंड बिघडलं. माझ्या अंदाजाने इंडस्ट्रीला आणखी दहा वर्षं.

संकल्प: रोज एक नवा सिनेमा पूर्ण पाहायचा. पूर्वग्रह न ठेवता.

११ नोव्हेंबर

पाहिला नाही. डोळे चुरचुरत होते. उद्या दोन पाहीन.

१२ नोव्हेंबर

दोन लावले. दोन्ही पंधरा-पंधरा मिनिटांत बंद केले. निकाल द्यायला पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. उत्तरपत्रिकेला चारच लागायची.

१४ नोव्हेंबर, रात्री ९

अमरदीपचा फोन! माझा विद्यार्थी, दहावी १९९८, मागून दुसरा बाक. मुंबईला सिनेमात आहे हे ऐकून होते. वाया गेला असं धरून चालले होते. आता स्वतः दिग्दर्शक. गोष्ट आपल्याकडचीच. नवरा फटाक्यांच्या कारखान्यात कामाला, भाजून घरी येतो, एका सकाळी उठतच नाही. पुढे भरपाईसाठी बायकोची वणवण. कारखान्याचा भाग दुसरीकडे झाला, घरातला भाग उमरग्यात करणार.

त्याचे शब्द जसेच्या तसे: "बाई, भाषेसाठी तुमची मदत लागेल. इकडची बोलणारी माणसं तुमच्या ओळखीची असतील." दुसरं वाक्य संकोचाने घातलं असावं. उमरग्यात बोलण्यासारखं बोलणारं माणूस एकच आहे, हे त्यालाही माहीत आहे.

पडद्यावर नाव येईल का, असं सहज विचारलं. "येईल की, बाई."

चौतीस वर्षं फळ्यावर लिहिलं. पुढचा तास सुरू झाला की कुणीतरी पुसून टाकायचं. पडद्यावरचं पुसत नाही. 'भाषा मार्गदर्शन: राजेश्वरी बिराजदार, एम.ए.' बस, एवढंच हवं आहे. हे कुणाजवळ बोलले नाही. सिनेमाचं मात्र संध्याकाळपर्यंत पूर्ण कॉलनीला कळलं. मी फक्त शेजारच्या चन्नम्माला सांगितलं होतं.

इंडस्ट्रीला दहाऐवजी पंधरा वर्षं.

२२ नोव्हेंबर

संहिता आली. ब्याण्णव पानं. सिनेमाचं नाव इथे लिहीत नाही. त्यात व्याकरणाची चूक आहे.

पहिल्याच पानावर "काय करायलीस?"

याविषयी एकदा स्पष्ट लिहून ठेवलं पाहिजे. करायलाय, जायलाय, बोलायलेत. हा काळ मराठीत नाही. चालू वर्तमानकाळ म्हणजे 'करत आहे'. या 'यलाय'शी मी चौतीस वर्षं लढले. मुलं वर्गात शहाण्यासारखी 'करत आहे' म्हणायची आणि दारातून बाहेर पडली की, "बाई यायलेत रे, पळा!"

२५ नोव्हेंबर

लाल पेनच्या दोन रिफिली संपल्या. दुरुस्त्या ३१८. नमुने: 'मला काय म्हाईत' काढून 'मला कल्पना नाही'. 'गप बसा की वो' काढून 'कृपया शांत राहावे'. 'मी आता कुणाकडं बघू' काढून 'आता मी कोणासाठी जगावे, हे आपणच सांगावे'.

यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "बायको अशी बोलायली तर तो माणूस भाजायच्या आधीच जाईल." यांनाही 'बोलायली'. सत्तेचाळीस वर्षांचा संसार आणि हे फळ.

अमरदीपला पानं पाठवली. उत्तर: "बापरे बाई!" भारावला आहे.

९ डिसेंबर

युनिट आलं. शूटिंग मालनच्या घरात. मालन म्हणजे आमच्या शाळेची शिपाई; याच मेमध्ये निवृत्त झाली. त्याआधी माझी विद्यार्थिनी, सातवीपर्यंत. तीन खोल्या, दारात कडुनिंब.

माझं घर मोठं आहे, रंगही दिवाळीत दिलेला. अमरदीपला तसं सुचवलं. म्हणाला, "बाई, तुमच्या घरात गरिबी दिसणार नाही." मी म्हटलं, पडदे काढून ठेवते. तरी नाही.

नायिका पुण्याची. उच्चार स्वच्छ. हिच्यावर फार काम पडणार नाही, असं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तोच तर प्रॉब्लेम आहे बाई." विनोदी आहे पोरगा. शाळेत कळलं नव्हतं.

११ डिसेंबर

आज एक चूक झाली, पण माझी नाही. नायिका चुलीपुढे 'भाकर करायले' म्हणाली. मी खुर्चीवरून "चूक!" म्हटलं. आवाज वर्गातला, सवयीने सुटला. कॅमेरा चालू होता म्हणे. पुन्हा घ्यावं लागलं. पुन्हा तीच चूक. मी पुन्हा "चूक!"

तिसऱ्या वेळी अमरदीपने माझी खुर्ची स्वतः उचलून शेजारच्या अंगणात ठेवली. टेबल दिलं, फॅन लावून दिला. म्हणाला, "बाई, इथून सगळं एकत्र ऐकू येतं." युनिटमध्ये दुसऱ्या कुणालाही फॅन नाही. डिसेंबर आहे हे खरं, पण मान तो मान.

१२ डिसेंबर

इथून काहीच ऐकू येत नाही. एक बकरी आहे.

१४ डिसेंबर, संध्याकाळ

मुख्य प्रसंग. नवरा अंथरुणात गेलेला आहे, बायको सकाळी त्याला उठवायला जाते. मी खुर्ची आपली आपण परत आणली.

नायिकेने आधी मूळ वाक्य म्हटलं, मग माझं. 'आता मी कोणासाठी जगावे, हे आपणच सांगावे.' सात वेळा. खोटं वाटतंय, म्हणाली. मी म्हटलं, शुद्ध आहे म्हणून वाटतंय, सवय होईल. अमरदीप डोकं धरून बसला. मग दारात उभ्या असलेल्या मालनला त्याने विचारलं, मावशी, तुमचे मालक गेले तेव्हा तुम्ही काय म्हणाला होता?

असं कुणाला विचारतात का? पण मालन म्हणाली, "म्या काय म्हननार? झोपले हायेत वाटलं. म्हनलं, उठा की वो, च्या निवायलाय. दोनदा म्हनलं. मंग कळलं."

आवाज घेणाऱ्या माणसाने कानावरचं काढून मांडीवर ठेवलं. नायिका भिंतीकडे तोंड करून बसली. शिस्त पार सुटली. शेवटी मीच सांगितलं की 'निवायलाय' हे रूप नाही. 'चहा थंड होत आहे' असं हवं, आणि 'च्या' तर नाहीच नाही.

अमरदीपने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग वहीत काहीतरी लिहून घेतलं. म्हणाला, "हे पण घेतो, बाई. तुमची एक ओळ वाया जाऊ देणार नाही."

शब्द दिला आहे. समाधान.

१५ डिसेंबर

नायिका लॉज सोडून मालनकडे राहायला गेली. भाकरी शिकते, म्हणे. मी पुस्तकांची यादी दिली होती. ती लॉजवरच राहिली.

मालनने तिला हसत हसत सांगितलं, "ह्याच बोलीवर बाईंनी मला सातवीत तोंडीला नापास केल्तं. त्यावरून शाळाच सुटली." नायिकेने माझ्याकडे वळून पाहिलं. आजकालच्या पोरी कशा पाहतात ते मला ठाऊक आहे.

नोंद असू द्यावी: नापास केलं ते नियमाप्रमाणे. आणि पुढे शिपायाची जागा निघाली तेव्हा हेडमास्तरांकडे शिफारस मीच केली होती. हे ती सांगत नाही.

नंतर कळलं, तेही सांगितलं तिने. तेही हसतच.

१८ डिसेंबर

युनिट गेलं. जाताना अमरदीप पाया पडला, माझ्या आणि मालनच्या. आधी कुणाच्या, ते पाहिलं नाही.

आधी मालनच्या.

तो तिच्या नात्यातला आहे का, चौकशी केली. नाही.

२ मार्च २०२५

अमरदीपला पाच फोन. एडिटिंग चालू आहे, असा मेसेज आला. 'चालूये' असं लिहिलं आहे. दुरुस्त करून परत पाठवलं. उत्तर नाही. कामात असणार.

गेल्या महिन्यात पाहिलेले नवे सिनेमे: शून्य. डोक्यात एकाच सिनेमाला जागा आहे. तो आला की बाकीच्यांना तुलना करायला काहीतरी मिळेल. तोवर थांबणं हेच न्यायाचं.

१७ ऑगस्ट

महिला मंडळात 'सिनेमाची भाषा: काल, आज आणि उद्या' या विषयावर भाषण. पन्नास मिनिटं. चन्नम्मा मध्येच म्हणाली, "साकु री टीचर, च्या आला." साकु म्हणजे कन्नडमध्ये पुरे. भाषणाचा 'उद्या' हा भाग राहिला. म्हणजे इंडस्ट्रीचं भवितव्यच राहिलं. नेहमी तेच राहतं.

मालनही आली होती. मागे उभी होती. खुर्च्या रिकाम्या होत्या; उभं राहायची सवय, दुसरं काय. सिनेमाबद्दल तिला काही कळवलं का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, असलं काही मला आधी कळवतील.

२१ नोव्हेंबर

सिनेमा लागला! सोलापूरला. पेपरमध्ये अर्धं पान. 'मराठवाड्याच्या मातीतली अस्सल भाषा' असा मथळा. अस्सल! माझा एक शब्दही वाया गेला नाही तर.

परवा रविवारी सगळ्यांना घेऊन जायचं. टेम्पो ट्रॅव्हलर ठरवला. मंडळाच्या बायका, चन्नम्मा, हे, मी धरून सतरा. मालनलाही घेतलं. शेवटची सीट मोकळी होती.

सूचना लेखी दिल्या: १. शेंगा खायच्या नाहीत. २. फोन बंद. ३. सिनेमा संपला की कुणीही उठायचं नाही. पाट्या पूर्ण वाचायच्या.

२३ नोव्हेंबर, रात्री ८

क्रमाने लिहिते.

वीस मिनिटं गेली, माझं एकही वाक्य नाही. सगळे 'करायलेत', 'बोलायलेत'. वाटलं, माझा भाग उत्तरार्धात असेल.

मग ती सकाळ आली. नायिका कप घेऊन जाते. "उठा की वो, च्या निवायलाय." दोनदा. थिएटरमध्ये एक खुर्ची वाजली नाही. यांनी चष्मा काढला. चन्नम्माने पदर तोंडात धरला. माझ्याही डोळ्यांत एसीचा झोत थेट येत होता. मालन तेवढी सरळ बसून पाहत होती.

मध्यंतरानंतर भरपाईची चौकशी करायला एक साहेब येतो. टेबल, वर फॅन. बाई पुढे उभी. तिला बस म्हणत नाही. आणि मग तो बोलायला लागतो.

"कृपया शांत राहावे."

मी ताठ बसले. माझं वाक्य!

"मयताबद्दल मला कल्पना नाही." हेही माझं. पुढे एकामागून एक. ती बाई रडायला लागते तर तो कागद खालीवर करत म्हणतो, "आपण कोणासाठी जगावे, हे आपणच ठरवावे." लोक हसायला लागले. हसणं चांगलं नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, हाना रे त्येला. मग ती सांगायला तोंड उघडते, तसा तो कपाकडे बोट दाखवून म्हणतो, "लवकर बोला. चहा थंड होत आहे."

अख्खं थिएटर. शिट्ट्या, शिव्या. सगळ्यात मोठ्याने हे हसले, मग माझ्याकडे पाहून थांबले. थांबायला नको होतं.

सिनेमा संपला. सूचनेप्रमाणे आमचे अठराही जण बसून राहिले. बाकीचे सगळे निघून गेले. पाट्या वर सरकत होत्या.

भाषा मार्गदर्शन: मालन मच्छिंद्र सरवदे.

आमच्या शेवटच्या खुर्चीवरून कुणीतरी विचारलं, "बाई, तिथं माजं नाव हाय का? चष्मा घरी राहिला." सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या, म्हणून मीच सांगितलं. आहे.

आणि खूप खाली, जनरेटरवाल्याच्या वर: साहेबांचे संवाद: राजेश्वरी बिराजदार, एम.ए.

नाव आलं. अचूक आलं. पदवीसकट.

परतीच्या वाटेला लागलो. मग चन्नम्मा म्हणाली, "तुमच्या सायबाचा लई राग आला री टीचर. चप्पल काढावी वाटली." ही प्रशंसा आहे, असं यांचं म्हणणं. पुढे नळदुर्गला गाडी थांबली तेव्हा एक बाई खिडकीतून ओरडली, "टीचर, उतरा की, चहा थंड होत आहे!" सगळ्या गाडीला ठसका लागला.

मालन हसली नाही. उतरून माझ्यासाठी पाण्याची बाटली घेऊन आली. तिने हसायला हवं होतं. ते जमलं असतं सोसायला.

२४ नोव्हेंबर

अमरदीपला पत्र. चार पानं. फसवणूक, कृतघ्नता, व्याकरण, या क्रमाने. इंडस्ट्रीला आता पाच वर्षं.

२५ नोव्हेंबर

पत्रात एका ठिकाणी 'सिनेमा बिघडायला कारण' असं लिहिलं गेलं होतं. 'बिघडण्यास' हवं. पान पुन्हा लिहिलं.

२८ नोव्हेंबर

पत्र पुन्हा वाचलं. मोठ्याने वाचलं, उच्चार तपासायला. आवाज ओळखीचा वाटला. त्या साहेबाचा.

पोस्टात टाकलं नाही. पोस्ट ऑफिस लांब आहे.

५ डिसेंबर

संकल्प: सिनेमा बंद. नवे, जुने, सगळे. चुकांच्या तिन्ही वह्या रद्दीत घालायच्या.

रद्दीवाला आला नाही. आला होता, मी आवाज दिला नाही.

बाजारात एक पोरगी दुसरीला माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होती. 'साहेब' एवढाच शब्द ऐकू आला. मालनला मात्र बाजारात चार जणांनी थांबवून फोटो काढले. वांगी घ्यायला आली होती बिचारी; पिशवी खाली ठेवून प्रत्येकाबरोबर उभी राहिली. माझ्याबरोबर फोटोला कुणी आलं नाही. मला फोटोची हौस नाही.

१० जानेवारी २०२६, सकाळी ११

मालनबाई आल्या होत्या. दारात उभ्या राहिल्या, सवयीने. आत या, बसा, असं मला दोनदा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा म्हटल्यावर बसल्या, खुर्चीच्या कडेला.

नवा सिनेमा आहे, दुसऱ्याच दिग्दर्शकाचा, लातूरकडे. त्यांना भाषेसाठी बोलावलं आहे. कागद आला आहे, तो वाचून दाखवा, म्हणाल्या. मी म्हटलं, तुमची संघप्रिया नर्स आहे, शिकलेली आहे, ती वाचेल की. म्हणाल्या, "लेकीनं वाचलाय. पर त्येच्यात तुमचंबी नाव हाय, म्हनून तुमीच वाचा."

मग सांगितलं. "त्येच्यातबी एक सायेब हाय, आन एक वकील. त्येंचं बोलनं मला जमंना वो. म्या त्येंला म्हनलं, त्येला आमच्या बाईच पायजेत."

मी विचारलं, मीच का?

"दुसरं कोन बोलतंय तसं?"

मी तोंडाकडे नीट पाहिलं. टोमणा नव्हता. चौतीस वर्षांत मुलांच्या तोंडावरचा टोमणा मला कधी चुकला नाही. इथे नव्हताच.

आतून हे म्हणाले, "जा की! सायबं काय कमी हायेत का या देशात, जन्मभर पुरतील." यांना कुणी विचारलं नव्हतं.

कागद वाचला. मोठ्याने, त्यांना ऐकू जाईल असा. मालनबाई मच्छिंद्र सरवदे, भाषा मार्गदर्शक. खाली, राजेश्वरी बिराजदार, भाषा सहाय्यक. मार्गदर्शकांच्या सूचनेनुसार काम करतील. शेवटचं वाक्य त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. पुन्हा वाचलं.

"यायलाव न्हवं, बाई?"

चष्मा पुसला. आधी कागद तपासला. 'सहाय्यक' चूक आहे, 'साहाय्यक' हवं. लाल पेनने तेवढा काना दिला आणि खाली सही केली.